उत्तीर्ण झाला, पण तयार झाला काय?

(राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



दहावी-बारावीत यश मिळविलेल्या मुलामुलींचे कौतुक करावे म्हणून आपण मला येथे बोलाविले आहे. ते कौतुक मी मनापासून करतो. ज्या गावाला कोळशाच्या खाणीने आणि चुन्याच्या भट्ट्यांनी नाव दिले, त्या गावात पाळ्या सांभाळून, धूर आणि धूळ अंगावर घेऊन ज्या आईबापांनी मुलांच्या हातात पुस्तक दिले, त्यांच्यापुढे उभे राहताना मला संकोच वाटतो. तथापि नुसते कौतुक करून मी परत गेलो तर आपल्याशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. मला आज आपणांस एक अप्रिय प्रश्न विचारावयाचा आहे. आपला मुलगा उत्तीर्ण झाला, आपली मुलगी उत्तीर्ण झाली, हे ठीक. परंतु ती महाविद्यालयासाठी तयार झाली आहेत काय?

हा प्रश्न मला कोठून सुचला ते आधी सांगतो. मी बरीच वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. एके वर्षी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात याच भागातला एक मुलगा आला. बारावीला त्याला अडुसष्ट टक्के गुण होते. वडील चुनाभट्टीवर कामाला. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला तो पहिलाच. वर्गात चुन्याचा विषय निघाला, तेव्हा मी त्यालाच उभे केले. चुनखडी भाजली असता काय होते, असे विचारले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता समीकरण म्हणून दाखविले. कॅल्शियम कार्बोनेटला उष्णता दिली की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. एक अक्षर चुकले नाही. मी म्हणालो, शाबास. आता असे सांग की शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत टाकली तर कळीचा चुना किती किलो निघेल?

मुलगा गप्प झाला. मी प्रश्न फिरवून विचारला. तरी गप्प. त्याचे डोळे वहीकडे गेले. हा प्रश्न तेथे लिहिलेला नव्हता.

पुढे वसतिगृहाच्या कागदांसाठी त्याचे वडील महाविद्यालयात आले, तेव्हा मी सहज त्यांनाही तेच विचारले. ते चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. ते म्हणाले, "शंभर किलो गोटा टाकला त् साठाच्या आतच माल निघते, सर. बाकीचं हवेत जाते." बंधूंनो, रसायनशास्त्राचे उत्तर आहे छप्पन्न किलो. चुनखडीच्या शंभर भागांतले चव्वेचाळीस भाग वायू होऊन उडून जातात आणि छप्पन्न भाग चुना म्हणून हाती राहतात. दगडात माती असली, आच नीट लागली नाही, तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, इतकेच. बापाला उत्तर ठाऊक होते, पण ते का तसे येते हे ठाऊक नव्हते. मुलाला सूत्र ठाऊक होते, पण ते कशाचे सूत्र आहे हे ठाऊक नव्हते. जी भट्टी त्या घराला पोसत होती ती आणि जे पुस्तक त्या घराला वर काढणार होते ते, या दोहोंची बारा वर्षांत एकदाही गाठ पडली नव्हती.

तो मुलगा त्या वर्षी दोन विषयांत नापास झाला. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. मी त्याला बोलावून घ्यावयास पाहिजे होते. मी बोलाविले नाही. वर्गात शंभरावर मुले होती, अशी सबब मी तेव्हा स्वतःला सांगितली. ती सबब आजही मला पुरत नाही. तो कोळसा वाहणाऱ्या ट्रकवर काम करतो असे मागाहून समजले. त्या कामात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्याला निवड करावयाची संधी मिळाली नाही, आणि आपण मंदबुद्धीचे आहोत अशी समजूत घेऊन तो परत गेला, ही गोष्ट मला लागून राहिली आहे. तो मंदबुद्धीचा नव्हता. जो मुलगा न समजलेली पाने इतक्या अचूकपणे पाठ करू शकतो, त्याने तीच पाने समजून घेतली असती तर काय केले असते?

त्याच्या गुणपत्रिकेने त्याला सांगितले होते की तू तयार आहेस. गुणपत्रिका खोटी नव्हती. ती अपुरी होती. आणि आपण सर्वजण ती पुरेशी मानून पेढे वाटतो.

या गुणपत्रिकेचे मोल किती, याचा एक हिशेब आपल्यापुढे ठेवतो. महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली तो ९५.३० टक्के झाला. आता सांगा, एका वर्षात राज्यातील मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घटली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे काही घडले काय? तसे काही घडले नाही. २०१९ च्या परीक्षेत अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेने द्यावयाचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले होते. ते गुण पुढच्या वर्षी परत आले. शिवाय साथीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही व त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ साली लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. माझा त्या मुलांवर आरोप नाही. महामारी काही त्यांनी आणली नव्हती. मला एवढेच दाखवावयाचे आहे की टक्केवारी ही मापाची पट्टी दर वर्षी लांब-आखूड होत असते. तिने मुलाची उंची मोजून आपण निश्चिंत होतो, ही चूक आहे.

मग खरी उंची किती? २०२३ साली 'असर' या पाहणीत देशाच्या निरनिराळ्या राज्यांतील खेड्यांमधल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना तपासले गेले. त्यांच्यापैकी सुमारे पंचवीस टक्क्यांना आपल्याच भाषेतील दुसरीच्या पुस्तकातला उतारा अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे गणित फक्त ४३.३ टक्क्यांना जमले. हे वय कोणते, ते ध्यानात घ्या. हे दहावी, अकरावी, बारावीचे वय आहे. हीच मुले उद्या महाविद्यालयाच्या दारात उभी राहणार आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९२७ सालच्या मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारला एक आकडा दाखविला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. म्हणजे त्यांचा सवाल नुसता शाळेत घालण्याचा नव्हता; शाळेत घातलेल्या मुलाच्या हाती अखेरीस काय उरते, हा होता. त्याच वर्षी विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी दुसऱ्या बाजूनेही इशारा दिला. परीक्षा निराळी आणि शिक्षण निराळे; शिक्षणाचा दर्जा वाढवावयाचा या नावाखाली परीक्षा इतक्या कठीण केल्या जात आहेत की ज्या मागासलेल्या जातींनी विद्यापीठाचे दार अजून पाहिलेही नाही त्या बाहेरच राहाव्यात, अशा आशयाचे ते बोलले.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे आजची आपली अडचण कळते. त्या काळी दर्जाच्या नावाने दार बंद ठेवीत. आज दार उघडे आहे, आणि त्याबद्दल आपण संविधानाचे ऋणी आहोत. परंतु आत जाणाऱ्याला चालता येते की नाही हे पाहावयास दारावर कोणी उभे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणास नापास करू नये असे ठरविले. त्यामागचा हेतू चांगला होता. नापास झाले की आपलीच मुले प्रथम शाळा सोडतात, हे सत्य आहे. परंतु त्याच कायद्यात मुलाचे सतत मूल्यमापन करावे आणि मागे पडलेल्याला विशेष शिकवण द्यावी, हेही होते. पहिला भाग सर्वत्र पाळला गेला, कारण त्याला कष्ट पडत नाहीत. दुसरा भाग किती ठिकाणी पाळला गेला, ते आपणच आपल्या गावच्या अनुभवाने सांगा. पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला परीक्षा आली आणि तीत नापास झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. परीक्षा आली, न आली, गेली. तिसरीत न आलेला भागाकार आठवीतही आला नाही तर त्या येण्या-जाण्याचा उपयोग काय?

येथे कोणी म्हणेल की बाबासाहेबांना तरी मॅट्रिकला कोठे फार गुण होते! ही गोष्ट खरी आहे, आणि ती मुलांना अवश्य सांगावी. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण त्यांना होते. आजच्या भाषेत अडतीस टक्क्यांच्या आत. परंतु ही गोष्ट अर्धीच सांगण्याची आपल्याला खोड लागली आहे. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. ते त्यांना शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. परळच्या एका खोलीच्या घरात, दिव्याच्या उजेडात त्यांनी अभ्यास केला. आणि शाळेच्या पुस्तकांपलीकडे त्यांचे वाचन केवढे होते! चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा पुस्तक वाचीत बसलेला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिला आणि मॅट्रिकच्या यशाबद्दल आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. आज आपण येथे ज्या नात्याने बसलो आहोत त्या नात्याचा एक धागा त्या पुस्तकाशी जाऊन पोहोचतो. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तेथे तीन वर्षांत अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच आणि मानववंशशास्त्राचे चार अभ्यासक्रम त्यांनी केले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक वर्गही होतेच. दोनशे ब्याऐंशी गुणांच्या त्या विद्यार्थ्याजवळ ही भूक आणि ही शक्ती कोठून आली? ती मॅट्रिकच्या गुणपत्रिकेत लिहिलेली नव्हती. ज्याला आपण आज तयारी म्हणतो ती हीच.

तेव्हा तयारी म्हणजे काय, हे मी माझ्या अनुभवाने सांगतो. मुलाला न पाहिलेले एक पान द्यावे. ते त्याने वाचावे आणि पुस्तक मिटून त्यात काय होते ते आपल्या शब्दांत सांगावे. मग तेच कागदावर दहा ओळींत लिहावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मी दर वर्षी पहिल्याच दिवशी हे करून घेत असे. ज्यांना हे जमले ती मुले, गुण कमी असले तरी, तीन वर्षे टिकली. ज्यांना जमले नाही त्यांच्यापैकी पुष्कळ दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. गणिताच्या बाबतीत शेकडेवारी, अपूर्णांक आणि प्रमाण ही तीन प्रकरणे ज्याला मनापासून आली, त्याला रसायनशास्त्र येते, अर्थशास्त्र येते आणि बँकेचे व्याजही फसवीत नाही. ही प्रकरणे सातवीची आहेत. बारावीचा शिकवणीवर्ग सातवीचे छिद्र बुजवीत नाही. तो त्यावर रंग देतो. यापरती तयारी म्हणजे विचारण्याचे धैर्य. न समजलेले समजले नाही असे वर्गात उभे राहून सांगणे. हे आपल्या मुलांना सर्वांत जड जाते, आणि त्याची कारणे आपल्या समाजाला ठाऊक आहेत. ज्याच्या आजोबाला शाळेत दाराशी बसविले, त्याच्या नातवाला हात वर करावयास शंभर वेळा विचार करावा लागतो.

बाबासाहेबांनी औरंगाबादेस १९५० साली महाविद्यालय काढले आणि त्याला मिलिंद हे नाव दिले. तो परिसर नागसेनवन झाला. या नावांचा अर्थ आपण मुलांना कधी सांगितला काय? मिलिंद हा ग्रीक राजा प्रश्न विचारणारा, आणि भिक्खू नागसेन त्याला उत्तरे देणारे. राजा एका उत्तराने गप्प बसत नाही. तो म्हणतो, दृष्टान्त द्या. मग म्हणतो, आणखी एक द्या. आणि भिक्खू रागावत नाहीत. ज्या धम्माच्या ग्रंथांत असे संवाद जपून ठेवलेले आहेत, त्या धम्माच्या घरात मुलाने 'का?' विचारले तर त्यास गप्प बस म्हणणे शोभत नाही.

या संदर्भात एक गोष्ट बोलतो. राग मानू नये. आपली लहान मुले विहारात त्रिसरण आणि पंचशील किती सुरेख म्हणतात! ऐकून कान तृप्त होतात. एकदा मी अशाच एका मुलीला विचारले, बाळ, 'वेरमणी' म्हणजे काय? तिने आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले. मग मी त्या दोघींना सांगितले की वेरमणी म्हणजे दूर राहणे. आणि त्या दोघींनी मिळून पाचही ओळींचा अर्थ माझ्याकडून लिहून घेतला. चुन्याचे समीकरण पाठ म्हणणारा तो मुलगा आणि ही मुलगी यांच्यात फरक नाही. पाठांतर वाईट नव्हे. परंतु अर्थावाचून पाठांतर हीच जुनी पोथी होय, आणि ती सोडूनच आपण इकडे आलो आहोत.

इंग्रजी शाळेविषयी मला नेहमी विचारतात, म्हणून थोडे सांगतो. इंग्रजी पाहिजे, आणि पक्की पाहिजे. तिच्यावाचून वरच्या वर्गांत हातपाय हलत नाहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात, ते योग्य झाले. परंतु पोट मारून फी भरून ज्या शाळेत मुलाला घातले त्या शाळेतील शिक्षकालाच इंग्रजीत चार वाक्ये धड बोलता येत नसतील, तर मुलाची मराठी जाते आणि इंग्रजी येत नाही. अशी दोन्हीकडून वंचित झालेली मुले मी पाहिली आहेत. शाळेच्या फाटकावरील पाटी आणि गळ्यातील टाय पाहून निर्णय घेऊ नका. आत जाऊन एक तास वर्गाजवळ उभे राहा.

आता हक्कांविषयी. दर्जा हा शिक्षकांच्या मर्जीचा विषय आहे असे आपण समजतो. तो आपल्या हक्काचा विषय आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे की आपल्या शाळेच्या समितीवर कोण आहे? किती माता केवळ सहीपुरत्या आहेत? त्या सभेत खिचडीचा आणि गणवेशाचा विषय निघतो. तो निघालाच पाहिजे. पण पाचवीच्या वर्गातील किती मुलांना वाचता येते, हा प्रश्न आपण होऊन कोणी काढणार नाही. तो आपण काढावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. तसेच तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा माहितीचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. गुण कमी पडले की आपण नशिबाला दोष देतो. बोर्डाकडून छायाप्रत मागवा आणि मुलाला घेऊन बसा. कोठे लिहिले नाही, कोठे अर्धे लिहिले, कोठे प्रश्नच कळला नाही, हे त्यातून जितके दिसते तितके कोणत्याही शिकवणीत दिसत नाही.

दुसरी बाब कागदपत्रांची, आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी ही विशेष ऐकावी. येथून जवळच चंद्रपुरास १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तेथे पायी गेले असतील. त्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हा केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९६० साली आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत ज्यांनी बौद्ध म्हणून नाव लिहिले त्यांनी त्याची किंमत दिली, आणि ज्यांनी भीतीने लिहिले नाही त्यांच्याही मनाला ते टोचत राहिले. आज तो पेच नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो. जे बांधव इतर समाजांतून धम्मात येतात त्यांचे नियम निराळे आहेत; त्यांनी स्वतंत्र चौकशी करावी. परंतु व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाला नुसते जात प्रमाणपत्र पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागतात. कोतवाल बुकातील नोंद, पणजोबांचा शाळेचा दाखला, दाखल-खारीज रजिस्टरातील उतारा, जे सापडेल ते आजपासूनच शोधा. मुलगा अकरावीत गेला की अर्ज करावा. बारावीचा निकाल हातात घेऊन तहसिलीत धावणारे आणि मुदत टळल्यामुळे जागा गमावणारे पालक मी दर वर्षी पाहतो. त्या वेळी बुद्धी होती, गुण होते, फक्त एक कागद नव्हता.

शिष्यवृत्तीचेही तसेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही कोणाची भीक नव्हे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला आणि १९४४ साली ती योजना सुरू झाली. तिचा अर्ज वेळेवर भरणे, महाविद्यालयात तो अडला तर लेखी विचारणे, हे काम मुलावर एकट्यावर टाकू नका.

आपल्या मुलांना महाविद्यालयात एक टोमणा ऐकावा लागतो. 'तुम्हाला काय, तुमची जागा राखीव आहे.' टोमणा मारणाऱ्याला मी उत्तर देईन की बाबा रे, तुझ्या घरात तीन पिढ्यांचे वाचन आहे, तेही एक राखीव कुरणच आहे. ते कोणी जाहीर केले नाही इतकेच. परंतु घरात आपापसांत आपण निराळे बोलले पाहिजे. राखीव जागा म्हणजे वर्गातील बाक. त्या बाकावर बसून समोरचे समजणे, हे कोणत्याही कायद्याने राखून ठेवता येत नाही. प्रवेश झाला म्हणजे लढाई जिंकली असे समजून ज्यांनी मुलाला वाऱ्यावर सोडले, त्यांची मुले नापास होऊन परत आली, आणि टोमणा मारणाऱ्यांना आयते उदाहरण मिळाले.

मुंबईस १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले होते. विद्यार्थ्याच्या आयुष्याकडे पाहून शाळेची वेळ ठरविली गेली. आपणही आपल्या आयुष्याकडे पाहून वेळ ठरवू. येथे पाळीचे काम आहे. संध्याकाळी सातला सगळे बाप घरी नसतात. मग आईने बसावे. तिला वाचता येत नसेल तरी चालेल. मुलाने मोठ्याने वाचावे आणि तिने विचारावे, 'म्हणजे काय रे?' वाचणाऱ्याला अडखळविण्यास एवढा एक प्रश्न पुरतो, आणि जेथे तो अडखळतो तेथे त्याचा अभ्यास सुरू होतो. दूरदर्शनचा संच आणि हातातला मोबाइल तेवढा वेळ बंद राहावा, हे सांगावयास नकोच. आणि मुलीच्या बाबतीत अर्ध्या रस्त्यावर स्थळ पाहावयास निघू नका. बारावी झालेल्या पाच मुलींची नावे मी आताच ऐकली, पुढच्या वर्षी त्या कोणत्या वर्गात आहेत हे मी विचारणार आहे.

विहाराच्या व्यवस्थापकांशी माझे बोलणे झाले आहे. दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन तास तेथील खोली मोकळी मिळेल. सहावी ते बारावीची मुले तेथे यावीत. पहिले दोन महिने आपण फक्त वाचन आणि अपूर्णांक घेऊ. बारावीच्या मुलांनीही लाज न बाळगता अपूर्णांकाला बसावे. जे तरुण महाविद्यालयात आहेत त्यांनी खालच्या वर्गांना शिकवावे. रसायनशास्त्र मी शिकवीन, आणि ज्या पालकांनी भट्टीवर काम केले आहे त्यांच्यापैकी एकाने त्या दिवशी माझ्या शेजारी उभे राहावे अशी माझी विनंती आहे. चुनखडी किती टाकली, कोळसा किती लागला, माल किती उतरला, हे त्यांनी सांगावे. हिशेब मुले करतील.

येत्या रविवारी येताना प्रत्येकाने एक कोरी वही आणि मागच्या परीक्षेची उत्तरपत्रिका आणावी. पालकांनी घरातला सर्वांत जुना शाळेचा दाखला सापडला तर तोही बरोबर घ्यावा. त्याची नोंद आपण त्याच दिवशी करून ठेवू. जयभीम.